घरच्या नॅसवर कोणाला काय उघडू द्यायचं

नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांनी मिळून वापरायची डिस्कची पेटी) घरात आला की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच उद्योग करतात: 'डेटा' नावाचा एक शेअर्ड फोल्डर, सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, आणि तो पासवर्ड राउटरला चिकटवलेल्या कागदावर. चालतं. दुकानाचे हिशेब, लग्नाचे फोटो, सातबारे, पोरांच्या पीडीएफ सगळं एका जागी येतं आणि घरात कौतुकही होतं. मग एक दिवस गेल्या वर्षीच्या पट्ट्यांचा (आडतीवरच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्यांचा) फोल्डर सापडत नाही. चोर आलेला नसतो. कोणाचं तरी टचपॅडवर बोट घसरलेलं असतं आणि तो फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडलेला असतो. नाहीतर जागा करायची म्हणून 'हे जुनंच दिसतंय' म्हणत कोणीतरी उडवलेला असतो.

घरच्या नॅसवर परवानग्या लावायच्या त्या यासाठी. कोणी काय पाहिलं, हा प्रश्न घरात क्वचित निघतो. कोणी काय बदललं आणि कोणी काय उडवलं, हा नेहमी निघतो. त्यात रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून सोडवायचे पैसे मागणाऱ्या व्हायरसची, भर घाला. या व्हायरसला नॅसमध्ये शिरायचीही गरज नसते. ज्या लॅपटॉपवर तो बसला, त्या लॅपटॉपवाल्याला नॅसवर जिथे जिथे लिहिता येतं, तिथल्या सगळ्या फाइली तो त्याच्याच नावाने एन्क्रिप्ट करून मोकळा होतो. जिथे फक्त वाचता येतं, तिथे त्याचं काही चालत नाही. म्हणून खाली वाचायच्या परवानगीबद्दल थोडं आणि लिहायच्या परवानगीबद्दल जास्त आहे.

बटणांची नावं सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरच्या डीएसएम ७ या सॉफ्टवेअरप्रमाणे दिली आहेत. क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर नावं थोडी बदलतात, तर्क तोच. जुन्या कॉम्प्युटरवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकून काम भागवणाऱ्यांसाठी मध्ये वेगळा भाग आहे. राउटरच्या मागे यूएसबी डिस्क खोचून तिलाच सर्व्हर म्हणणाऱ्यांना मात्र यातलं फारसं लागू नाही. त्या डिस्का बहुतेक वेळा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या असतात, आणि एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक कोण, परवानगी कोणाला, याची नोंदच ठेवली जात नाही.

आधी कागद घ्या

धरून चालू की घर परभणीचं आहे. मोंढ्यात आडतीचं दुकान, सेलूकडे शेती. दादा दुकान बघतात. तुमच्याकडे शेती, आणि कोणी विचारलं नसताना नॅसही. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुतण्या नीटच्या तयारीसाठी लातूरला. ताई पुण्यात नोकरीला. दुकानात एक मुनीम. आईला टीव्हीवर नातवंडांचे फोटो बघायचे असतात. मार्चएंड आला की सीएच्या ऑफिसातून कागदांसाठी फोन सुरू होतात.

कागदावर आडवे फोल्डर लिहा, उभी माणसं. प्रत्येक चौकटीत तीनच गोष्टी येऊ शकतात: 'लि' म्हणजे लिहिणं (यात वाचणं आलंच), 'वा' म्हणजे नुसतं वाचणं, नाहीतर रिकामी. सुरुवात सगळ्या चौकटी रिकाम्या ठेवून करा आणि प्रत्येक चौकटीपाशी एकच विचारा: या माणसाला इथली फाइल बदलायचं काम पडतं का? 'पडू शकेल कधीतरी' याचं उत्तर 'वा'. 'रोज पडतं' याचं उत्तर 'लि'.

आपल्या घरात हे असं पडेल.

*दुकान*: शेतकऱ्यांच्या पट्ट्या, जीएसटीची रिटर्न, बँकेची स्टेटमेंट. दादा आणि मुनीम लिहितात, तुम्ही वाचता. बाकीच्यांना तो फोल्डर दिसायचंही कारण नाही.

*शेती*: सातबारा, आठ-अ, फेरफार, पीक विम्याच्या पावत्या, ठिबकच्या अनुदानाचे कागद. लिहिणारे तुम्ही. वाचणारं सगळं घर. ताईचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तिला हा फोल्डर न मागता उघडता आला पाहिजे. 'पाठव की रे एकदा' असं तिला दर वेळी म्हणायला लावू नका.

*जुने कागद*: मराठवाड्यातल्या घरांत हा गठ्ठा असतोच. १९४८ च्या आधीचे निजामकाळातले उर्दू दस्त, मोडीतली खतं, खासरा पाहणीच्या नकला, आजोबांच्या खरेद्या. एकदा स्कॅन केले की यात पुन्हा अक्षर बदलायचं नसतं. म्हणून इथे घरच्या सगळ्यांना 'वा' आणि लिहायची परवानगी कोणालाच नाही, तुमच्या रोजच्या खात्यालासुद्धा नाही. नवा कागद सापडला की अ‍ॅडमिनच्या खात्याने ब्राउझरमधून लॉगइन करून टाकायचा आणि बाहेर पडायचं.

*फोटो*: इथे घोळ होतो. फोटो टाकायचे सगळ्यांना असतात, म्हणजे सगळ्यांना 'लि', म्हणजे पुन्हा पहिले पाढे. उपाय असा की दोन फोल्डर करा. 'फोटो-आवक' मध्ये सगळ्यांना लिहू द्या. सवड मिळेल तेव्हा अ‍ॅडमिनच्या खात्याने तिथले फोटो निवडून 'फोटो' मध्ये हलवा, आणि 'फोटो' सगळ्यांसाठी फक्त वाचायला ठेवा. आवकमध्ये काही उडालं तरी गेल्या पाच-सात दिवसांचंच जाईल.

*अभ्यास*: पुतण्या आणि वहिनी लिहितात. यात जास्त डोकं लावू नका.

प्रत्येकाचं खाजगी असतं त्याला वेगळा शेअर (शेअर्ड फोल्डर) लागत नाही. युजर होम सर्व्हिस चालू केली की प्रत्येकाला आपापला 'होम' फोल्डर मिळतो आणि दुसऱ्या साध्या युजरला तो उघडत नाही. अ‍ॅडमिनला मात्र उघडतो. हे घरात आधीच सांगून ठेवा.

एक नियम कागदावरच पक्का करा: परवानगी फक्त सगळ्यात वरच्या शेअर्ड फोल्डरवर लावायची. 'दुकान'च्या आत 'पगार' नावाचा फोल्डर फक्त दादांना दिसावा, असं आतल्या पातळीवर करता येतं, पण करू नका. सहा महिन्यांनी आत कुठे काय लावलं होतं ते कोणाच्या लक्षात राहत नाही आणि वरून बघून कळतही नाही. पगार वेगळा ठेवायचा असेल तर 'पगार' हा स्वतंत्र शेअरच करा.

युजर आणि गट

सिनॉलॉजीवर कंट्रोल पॅनलमध्ये 'युजर अँड ग्रुप' उघडा. प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं, दोघांत एक नाही. युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. देवनागरी नाव वर्णनाच्या रकान्यात लिहा. फोल्डरांच्या आतल्या फाइलींना मराठी नावं बिनधास्त द्या, पण वरच्या शेअरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं बरं. टीव्ही, प्रिंटरचा स्कॅनर अशी यंत्रं देवनागरी नावावर अडकू शकतात.

तुमची स्वतःची खाती दोन असावीत. एक अ‍ॅडमिनचं, ते फक्त सेटिंग बदलताना वापरायचं आणि त्याला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागणारं लॉगइन) लावायचं. दुसरं रोजचं, साधं. डीएसएम ७ मध्ये मूळचं 'अ‍ॅडमिन' नावाचं खातं बंदच येतं, ते बंदच राहू द्या. तुम्ही सुरुवातीला बनवलेलं खातं अ‍ॅडमिनचं असतं. ते लॅपटॉपवर ड्राइव्ह जोडायला वापरलंत तर वर रॅन्समवेअरबद्दल जे लिहिलं ते सगळ्या फोल्डरांना एकदम लागू झालं.

आता गट. पुस्तकी पद्धत अशी की प्रत्येक फोल्डरला दोन गट करायचे, एक लिहिणाऱ्यांचा, एक वाचणाऱ्यांचा. सात माणसांच्या घरात सहा फोल्डरांसाठी बारा गट हा वेडेपणा आहे. कामावरून गट करा:

– घर: दादा, वहिनी, ताई, पुतण्या, तुम्ही
– दुकान: दादा, मुनीम
– दुकान-वाचन: तुम्ही
– शेती: तुम्ही
– अभ्यास: वहिनी, पुतण्या

एकाच माणसाचा गट कशाला, असं वाटेल. मुनीम बदलतो, शेतीचं काम पुढे पुतण्याकडे जातं. तेव्हा फोल्डरांना हात न लावता फक्त माणूस एका गटातून काढून दुसऱ्यात टाकायचा असतो. परवानगी माणसाच्या नावावर दिली असेल तर दर वेळी प्रत्येक फोल्डर उघडून शोधत बसावं लागतं.

सीएच्या ऑफिसला खातं देऊ नका. वर्षातून मोजून काही वेळा कागद लागतात. तेवढ्यासाठी बाहेरच्या ऑफिसातल्या कोणत्या कॉम्प्युटरवर तुमचा पासवर्ड साठवून ठेवला जाईल ते तुम्हाला कळणार नाही. फाइल स्टेशनमधून (डीएसएममध्ये ब्राउझरमधून फाइली बघायची जागा) मुदतीची आणि पासवर्डची लिंक काढून पाठवा, किंवा सरळ मेल करा.

फोल्डर बनवणं, आणि एक सापळा

कंट्रोल पॅनल, शेअर्ड फोल्डर, क्रिएट. विझार्डमध्ये तीन खुणांकडे लक्ष द्या. 'हाइड सब-फोल्डर्स अँड फाइल्स फ्रॉम युजर्स विदाउट परमिशन्स' ही लावा, म्हणजे जे उघडत नाही ते दिसणारही नाही आणि 'मला का नाही' हा प्रश्न निघणार नाही. 'एनेबल रिसायकल बिन' ही लावाच. नेटवर्कवरच्या फोल्डरातून उडवलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. नॅसची स्वतःची कचरापेटी चालू असेल तरच ती सापडते. आणि त्या कचरापेटीखालची 'फक्त अ‍ॅडमिनला' ही खूण 'दुकान'साठी लावा, नाहीतर जागा करायला बसलेला माणूस ती पेटीही रिकामी करून ठेवतो.

पुढे परवानग्यांचा तक्ता येतो. वर 'लोकल ग्रुप्स' निवडा आणि कागद समोर ठेवून खुणा करा.

सापळा इथे आहे. त्या यादीत 'युजर्स' नावाचा एक गट दिसेल. तो तुम्ही केलेला नाही. नॅसवरचा प्रत्येक युजर आपोआप त्यात असतो आणि त्याला त्यातून काढता येत नाही. 'बाकी कोणालाच नको' म्हणून नवखा माणूस या गटापुढे 'नो ॲक्सेस' वर खूण करतो. झालं, दादांसकट सगळे बाहेर. कारण एका माणसाला दोन गटांतून वेगवेगळं काही मिळालं तर 'नो ॲक्सेस' सगळ्यांवर मात करतो, त्याखाली 'रीड/राइट', आणि सगळ्यात खाली 'रीड ओन्ली'. दादा 'दुकान' गटात लिहिणारे असोत, ते 'युजर्स'मध्येही आहेतच, आणि तिथे नकार आहे.

रिकामी चौकट म्हणजे नकार नव्हे. रिकामी म्हणजे 'या गटाकडून काही मिळालेलं नाही', मग दुसऱ्या गटाकडून मिळालं तर मिळालं. म्हणून 'युजर्स' पूर्ण रिकामा ठेवायचा, 'गेस्ट'ही. 'नो ॲक्सेस' ही खूण घरात जवळजवळ कधीच लागत नाही. एखाद्या फोल्डरवर ती लावावीशी वाटली तर गट चुकीचे पाडलेत असं समजा. क्यूनॅपवर सगळ्यांना सामावणारा असाच गट 'एव्हरीवन' नावाने असतो.

याच क्रमाचा दुसरा परिणाम: 'शेती'वर 'घर' गटाला वाचायला आणि 'शेती' गटाला लिहायला दिलं, तर दोन्हीत असलेल्या तुम्हाला लिहिता येतं. बरोबर तेच हवं आहे. उलट, एखाद्याचं लिहिणं थांबवायचं म्हणून त्याला आणखी एका वाचायच्या गटात टाकलं तर काहीही फरक पडत नाही. त्याला लिहिणाऱ्या गटातून काढावंच लागतं.

दोन दरवाजे

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. परवानगी एका ठिकाणी नसते, दोन ठिकाणी असते. वाड्याच्या मोठ्या दरवाजातून आत यायला मिळालं तरी आतल्या खोलीला कुलूप असू शकतं, तसं. पहिली परवानगी शेअरची: नेटवर्कवरून या फोल्डरात कोण येणार. दुसरी प्रत्यक्ष डिस्कवरच्या फाइलीची: ती कोणाच्या मालकीची, कोणाला वाचू देते. दोन्हींनी हो म्हटलं तरच काम होतं, आणि दोन्हींत जी कडक असेल ती चालते. शेअरवर लिहायची खूण आहे, तरी 'ॲक्सेस डिनाइड' येतंय, याचं कारण दहापैकी आठ वेळा दुसऱ्या दरवाजात सापडेल.

सिनॉलॉजी नव्या शेअरवर या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यातून सांभाळतं, म्हणून सुरुवातीला कळत नाही. घोळ फाइली हलवल्यावर होतो. फाइल कॉपी केली तर नवी प्रत नव्या जागेच्या परवानग्या घेते. मूव्ह केली तर जुन्या जागेच्या परवानग्या तिच्याबरोबर येऊ शकतात. 'फोटो-आवक'मधून 'फोटो'मध्ये हलवलेले काही फोटो ताईला दिसतात आणि काही दिसत नाहीत, असं झालं तर हेच झालेलं असतं. फाइल स्टेशनमध्ये वरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन. तिथे 'अप्लाय टू धिस फोल्डर, सब-फोल्डर्स अँड फाइल्स' ही खूण करून सेव्ह करा. त्याच खिडकीतल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'परमिशन इन्स्पेक्टर' आहे. त्यात युजरचं नाव निवडलं की दोन्ही दरवाजे धरून त्याच्या हातात शेवटी काय पडतं ते दिसतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा आधी तिथे बघा.

ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्टवाल्यांसाठी

इथे दुसरा दरवाजा उघडाच समोर येतो. विंडोजच्या लॅपटॉपला लिनक्सवरचे फोल्डर दाखवण्याचं काम सांबा करतं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या शेवटी ते लिहायला घेतलं, आणि घरगुती नॅसच्या बहुतेक पेट्यांत आजही आत तेच असतं. विंडोजच्या परवानग्यांची भाषा वेगळी, लिनक्सची वेगळी. सांबा मध्ये दुभाष्याचं काम करतं आणि अधूनमधून काहीतरी हरवतं.

लिनक्सची जुनी पद्धत तीन आकड्यांची: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, आणि त्यांची बेरीज. ७७० म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं, इतरांना शून्य. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत जाता येणं. म्हणून ६६० लावलेला फोल्डर वाचायला मोकळा दिसतो आणि तरी आतली फाइल उघडत नाही. सामायिक फोल्डरला पुढे आणखी एक २ लावा, २७७०. त्याने आत बनणारी प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याच्या गटाची न होता फोल्डरच्या गटाची होते. हा २ नसला की मुनीमने केलेली फाइल दादांना बदलता येत नाही, आणि दोघंही तुमच्याकडे येतात. अडलं की ७७७ लावा असा सल्ला कुठेही मिळेल. तो ऐकला की या सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

ट्रूनॅसवर डेटासेट बनवतानाच 'एसएमबी' (विंडोज नेटवर्कवरचे फोल्डर ज्या पद्धतीने उघडतं ती) हा प्रीसेट निवडा आणि पुढचं सगळं त्याच्या एसीएल (कोणाला काय परवानगी याची यादी) एडिटरमधूनच करा. तीन आकडी पद्धत तिथे मध्ये आणू नका. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये शेअर्ड फोल्डरच्या प्रिव्हिलेजेसमधल्या खुणा फक्त पहिल्या दरवाजाच्या आहेत, डिस्कवरच्या परवानग्या त्यांनी बदलत नाहीत. त्याच यादीतल्या एसीएलच्या बटणाला खरी गरज पडेपर्यंत हात लावू नका.

'लिहू दे, पण उडवू देऊ नको'

ही मागणी हमखास येते, बहुधा दादांकडून, मुनीमाबद्दल. 'कस्टम' परवानगीत उडवण्याच्या खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे हे सोपं वाटतं. करून बघितलं की दुसऱ्या दिवशी एक्सेल सेव्ह होईनासं होतं.

त्याचं कारण एक्सेलच्या सेव्ह करण्याच्या पद्धतीत आहे. सेव्ह दाबलं की एक्सेल जुन्या फाइलीवर लिहीत नाही. ते त्याच फोल्डरात एक तात्पुरती फाइल बनवतं, सगळा मजकूर तिच्यात उतरवतं, मग जुनी फाइल बाजूला काढून तात्पुरतीला तिचं नाव देतं आणि जुनी उडवतं. वर्डही असंच वागतं. उडवायची परवानगी नसेल तर ही साखळी मध्येच तुटते आणि फोल्डरात चमत्कारिक नावाच्या फाइलींचा ढीग साचत जातो. नुसत्या पीडीएफ किंवा स्कॅन टाकायच्या फोल्डरावर ही युक्ती चालते. रोज एक्सेल उघडलं जातं तिथे चालत नाही.

मुनीमाला उडवता येऊ द्या आणि उडालेलं परत आणायची सोय ठेवा. कचरापेटी त्यातला अर्धा भाग झाला. पण कचरापेटीत फक्त उडवलेलं जातं. कोणी चुकीचे आकडे भरून त्याच नावाने सेव्ह केलं, किंवा रॅन्समवेअरने फाइलीच बदलल्या, तर तिचा उपयोग नाही. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डरचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप. सिनॉलॉजीवर 'स्नॅपशॉट रेप्लिकेशन' हे पॅकेज टाकून 'दुकान'चा दिवसभरात तासाला एक आणि बाकीच्यांचा रोज एक ठेवा, महिनाभर जपा. स्नॅपशॉट बदलता येत नाही. नेटवर्कवरून आलेल्या साध्या युजरला तो उडवताही येत नाही. यासाठी नॅसवरच्या डिस्कची मांडणी (व्हॉल्यूम) बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये असावी लागते आणि काही स्वस्त मॉडेलांत ती सोयच नसते, तेव्हा पेटी घेण्याआधी विचारा. ट्रूनॅस झेडएफएस या फाइल सिस्टिमवरच चालतं, तिथे ही अडचण नाही.

टॅलीचा चालू डेटा मात्र नॅसवर आणू नका. तो दुकानच्या कॉम्प्युटरवरच राहू द्या आणि संध्याकाळी त्याचा बॅकअप 'दुकान'मध्ये टाका.

जोडून बघा

प्रत्येकाच्या नावाने एकदा तरी तपासल्याशिवाय घरात कोणाला सांगू नका. सोपी पद्धत: ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, मुनीमाच्या नावाने डीएसएममध्ये शिरा, फाइल स्टेशन बघा. फक्त 'दुकान' आणि त्याचं स्वतःचं होम दिसलं पाहिजे. एक फाइल बनवा, नाव बदला, उडवा. मग ताईच्या नावाने 'शेती'त फाइल बनवायचा प्रयत्न करा. तो फसला पाहिजे. फसतं ते फसतंय ना, हे बघणं लोक विसरतात.

विंडोजवर: फाइल एक्सप्लोरर, धिस पीसी, मॅप नेटवर्क ड्राइव्ह. फोल्डरच्या रकान्यात दोन बॅकस्लॅश, नॅसचा आयपी पत्ता, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव. 'कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स' ही खूण लावा.

इथे एक अडचण ठरलेली आहे. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. तुमच्या लॅपटॉपवर आधी अ‍ॅडमिनच्या नावाने ड्राइव्ह जोडलेला असेल आणि आता रोजच्या खात्याने दुसरा जोडायला गेलात, तर 'मल्टिपल कनेक्शन्स' अशा शब्दांनी सुरू होणारी लांबलचक तक्रार येते. जुना ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खालची नॅसची नोंद काढा, साइन आउट करून परत या. नुसतं तपासण्यापुरतं दोन नावांनी जोडायचं असेल तर एक ड्राइव्ह आयपी पत्त्याने आणि दुसरा नॅसच्या नावाने जोडा. विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून आणखी एक प्रकार दिसतो. काल चालणारा बिनपासवर्डचा गेस्ट फोल्डर आज उघडत नाही. प्रो आवृत्तीत गेस्ट म्हणून जोडणं आता मुळातच बंद येतं. ते परत चालू करायच्या युक्त्या आहेत, पण युजर बनवून पासवर्ड देणं त्याहून सोपं आहे.

टीव्हीचं वेगळं. काही टीव्हींना एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती कळते आणि मग लोक नॅसवर 'एसएमबी १' चालू करतात. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. आईसाठी डीएलएनए (नेटवर्कवरचे फोटो-व्हिडिओ टीव्हीवर दाखवायची पद्धत) वापरा, पण एक लक्षात ठेवून: डीएलएनएला युजर आणि पासवर्ड हा प्रकारच माहीत नाही. मीडिया सर्व्हरच्या यादीत जो फोल्डर घातला तो वायफायवर असलेल्या कोणालाही दिसतो, वर लावलेल्या सगळ्या परवानग्यांना वळसा घालून. म्हणून त्या यादीत फक्त 'फोटो' ठेवा, आणि पाहुण्यांना राउटरचं गेस्ट वायफाय द्या.

दुकान, लातूर, पुणे

दुकानचं इंटरनेट वेगळं, पुतण्याच्या खोलीवरचं वेगळं. बाहेरून नॅस दिसावा म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडायचा सल्ला मिळेल. एसएमबीचा ४४५ पोर्ट तर कधीच उघडू नका; डीएसएमचं लॉगइनचं पानही थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या क्यूनॅपच्या पेट्या शोधून शोधून एन्क्रिप्ट केल्या. तिथे शेअरवर कोणाला काय परवानगी होती याला काही महत्त्व उरलं नाही, कारण हल्ला पेटीच्या सॉफ्टवेअरमधूनच झाला.

व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी रस्ता) वापरा. अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट सापडणारा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे टेलस्केलसारखं व्हीपीएन सोयीचं पडतं: नॅसवर त्याचं पॅकेज, दुकानच्या कॉम्प्युटरवर आणि पोरांच्या लॅपटॉपवर त्याचं ॲप. जोडल्यावर नॅस घरात असल्यासारखाच उघडतो आणि परवानग्याही त्याच लागू होतात. मुनीमाला दुकानातूनही 'दुकान'च दिसतं.

पुढे सांभाळताना

तो कागद फेकू नका. फोटो काढून तुमच्या होममध्ये ठेवा आणि काही बदललं की आधी कागदावर बदला.

मुनीम काम सोडून गेला की त्याचं खातं लगेच डिलीट करू नका, 'डिसेबल धिस अकाउंट' करा आणि 'दुकान' गटातून काढा. टेलस्केलमधूनही दुकानचं यंत्र एकदा तपासा, त्याने स्वतःच्या मोबाइलवर काही जोडलेलं असू शकतं. त्याच्या होममध्ये दुकानाच्या कामाच्या फाइली निघतातच. त्या कॉपी करून 'दुकान'मध्ये घ्या, मूव्ह करू नका, का ते वर आलंच आहे. महिनाभर काही अडलं नाही तर खातं काढून टाका. नव्या मुनीमाला जुन्याचं नाव आणि पासवर्ड देणं हा शॉर्टकट मोंढ्यात सर्रास चालतो. त्यात नंतर कोणती फाइल कोणी बदलली ते लॉगमध्ये सांगता येत नाही.

लॉग चालू असेल तरच हे लागू, अर्थात. कंट्रोल पॅनल, फाइल सर्व्हिसेस, एसएमबी, तिथे 'एनेबल ट्रान्सफर लॉग' ही खूण लावली की कोणी काय उडवलं, काय हलवलं, नाव काय बदललं ते वेळेसकट लॉग सेंटरमध्ये येतं. पट्ट्यांचा फोल्डर कुठे गेला हे घरभर विचारत फिरण्याआधी तिथे 'मूव्ह' शोधा.